माझी आई ट्रंकला होती. तिची ‘मिरज’ शोधायची आहे

अजिंक्यतारा (धागाकर्ती)

आई जाऊन परवा महिना झाला. ८० वर्षांची होती. दोन दिवस दवाखान्यात होती आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “मिरजला कळव हं.” मी “हो” म्हटलं. कुणाला, कुठे, कसं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. ती बरी होऊन घरी येणार असं मी धरून चालले होते. आता ते “हो” माझ्या जिवाला लागून राहिलंय, म्हणून हा धागा काढते आहे.

इथे मिरज म्हणजे गाव नव्हे, एक बाई. ते समजायला आधी आईची नोकरी सांगावी लागेल.

आई साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अकरावी मॅट्रिक झाली आणि १९६६ साली, वयाच्या २१ व्या वर्षी लागली. तेव्हा पोस्ट, तार, टेलिफोन सगळं एकाच खात्यात होतं, लोक पी अँड टी म्हणायचे. २००५ साली निवृत्त झाली तेव्हा खात्याची कंपनी, म्हणजे बीएसएनएल, होऊन पाच वर्षं होत आली होती. यातली पहिली पंचवीसएक वर्षं ती ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल जोडायच्या बोर्डावर होती. “आई काय करते?” असं कुणी विचारलं की आम्ही भावंडं “ट्रंकला आहे” म्हणायचो आणि सगळ्यांना कळायचं. आता माझ्या मुलांनाही ते उलगडून सांगावं लागतं.

साताऱ्याहून मुंबईला थेट फोन लागत नसे. कॉल बुक करायचा. आई तुमचा नंबर विचारणार, पलीकडचं गाव आणि नंबर विचारणार, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते विचारणार. ठरावीक माणसाशीच बोलायचं असेल तर तो पी.पी. कॉल, मग त्या माणसाचं नाव. हे सगळं एका चिटोऱ्यावर वेळेसकट लिहायचं, त्याला तिकीट म्हणत. पुण्याची, कराडची, मिरजेची लाइन मोकळी झाली की पलीकडच्या ऑपरेटरला नंबर द्यायचा. ऑर्डिनरी कॉलला कधी कधी दिवस जायचा. लाइटनिंगला ऑर्डिनरीच्या आठपट पैसे पडत. तो आला की बाकीची तिकिटं मागे सारायची. घरगुती लाइटनिंग आला म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी गेलेलं असायचं. तीन मिनिटांचा हिशोब असे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने मध्ये बोलून विचारायचं, वाढवायचा का म्हणून. आई सांगायची, माणूस रडत असेल तर तिला त्याचं वाक्य मध्येच तोडता येत नसे. वाक्य संपेपर्यंत थांबायची, मग विचारायची.

ती बुटकी होती. बोर्डाच्या उंच खुर्चीवर बसली की पाय लोंबकळायचे, म्हणून तिने घरचा एक पाट नेऊन पायाखाली ठेवला होता. बोर्ड बंद झाला तेव्हा तो पाट परत आला. अजून देवघरात आहे.

तेराव्याला जो आला त्याने मला हेच सांगितलं, “फार कष्ट काढले, मुलांसाठी झिजली बाई.” सगळे मायेनेच बोलत होते. मी मान हलवली, पण रात्री झोप लागेना, कारण ते खरं नाही. पैशांची गरज होती, ते कबूल. वडील प्राथमिक शिक्षक, त्यांच्या धाकट्या दोन भावंडांची शिक्षणं आमच्याच घरातून चाललेली. पण आई कामावर जायची ती तिला ते काम आवडायचं म्हणून. सकाळच्या ड्यूटीला साडेपाचला निघायच्या आधी ती आरशापुढे उभी राहून वनपासून नाइनपर्यंत आकडे सुटे सुटे म्हणायची, घसा मोकळा आहे ना ते बघायला. चपला घालतानाचा तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आहे. मुलांना सोडून जाणाऱ्या बाईचा तो चेहरा नव्हता. लहानपणी मला त्याचाच राग यायचा.

आता मिरज. ऑपरेटर एकमेकींना नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. “हॅलो मिरज, सातारा बोलतेय.” त्यातली एक मिरज आईची मैत्रीण झाली. बावीस वर्षं! लाइन मोकळी असेल तेव्हा दोन वाक्यं, चार वाक्यं. मला गोवर निघाला तेव्हा काय करायचं ते मिरजेने सांगितलं. भावाचं नाव मिरजेने सुचवलं. आमच्या लसणाच्या चटणीत तीळ पडतात ते तिच्यामुळे. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. आईला तिचं नाव माहीत असणारच, पण घरात ती कायम “मिरज”च होती आणि आम्ही कधी विचारलं नाही. आईची वही मी तीनदा चाळली. म अक्षराखाली “मिरज” आणि पुढे एक पाच आकडी नंबर आहे. तो आता अस्तित्वात नाही.

कुणाच्या घरी, नात्यात, शेजारी मिरज एक्स्चेंजला काम केलेल्या बाई असतील तर कृपा करून सांगा.

---

कृष्णाकाठ

ताई, आईंना नमस्कार. मी सांगलीचा. माझी मावशी टेलिफोनमध्येच होती, पण बिलिंगच्या बाजूला. आज रात्री तिला फोन करतो. वहीतल्या नंबरचे पहिले दोन आकडे मला खासगी निरोपात पाठवाल का? कुठल्या भागातला आहे ते तिला कदाचित सांगता येईल.

---

जुनी_पोझिशन

हा धागा मला माझ्या लेकीने वाचून दाखवला आणि आता मी सांगते ते तीच टाइप करते आहे. मी १९७३ पासून कोल्हापूरला ऑपरेटर होते. अगं, तुझ्या आईचा आवाज मी नक्की ऐकलेला असणार. साताऱ्याला आमचे कॉल रोजचे.

बोर्ड कसा असायचा ते तुझ्या मुलांना सांग. समोर उभी चौकट, तिच्यात जॅकच्या भोकांच्या रांगा. पुढ्यात दोऱ्यांच्या जोड्या, कॉर्ड म्हणायचो आम्ही, टोकाला पितळी प्लग. जुन्या बोर्डावर कुणी हँडल फिरवलं की त्याच्या नंबरचं बारकं झाकण खाली पडायचं, ते शटर. नंतरच्या बोर्डांवर दिवे आले. मागची कॉर्ड त्याच्या भोकात, बोलायची कळ ओढायची, “नंबर प्लीज”. मग पुढची कॉर्ड पलीकडे. गर्दीच्या वेळेला समोर दहा-बारा जोड्या गुंतलेल्या, आणि कुठल्या जोडीची तीन मिनिटं कधी भरतात ते ध्यानात ठेवायचं. रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. पोट दुखो, पोर घरी तापाने फणफणो. मागून सुपरव्हायझर कधी लाइनवर येऊन ऐकेल ते कळायचं नाही, त्याला ऑब्झर्व्हेशन म्हणत. म्हणजे या दोघी बावीस वर्षं बोलल्या त्या कशा जपून बोलल्या असतील, ते आम्हालाच ठाऊक.

स्प्लिट ड्यूटी सगळ्यात वाईट. सकाळी तीन-चार तास, घरी, पुन्हा संध्याकाळी तीन-चार तास. दोन्ही स्वयंपाक त्या मधल्या वेळात. कुणाच्या घरी कार्य असलं की म्युच्युअल करायचो, तू माझी पाळी कर, मी तुझी करते. त्या म्युच्युअलवर आमच्या सगळ्यांची बाळंतपणं आणि पोरांची आजारपणं निघाली.

आणि बोललं कमी जायचं नाही. माझ्या वडिलांना दोन ठिकाणी तोंडावर सांगितलं होतं, “टेलिफोनवाली नको, दिवसभर परक्या पुरुषांशी बोलते.” माझे वडील घरी येऊन जेवले नाहीत. मी मात्र दुसऱ्या दिवशी ड्यूटीला गेले.

तुझी आई काम आवडीने करायची हे मला पटतं. एखादा कॉल चार तास अडकलेला असतो, तीन गावांच्या ऑपरेटरना विनवून तू तो फिरवून फिरवून लावतेस आणि शेवटी पलीकडून “हॅलो, कोण, दादा?” असं ऐकू येतं. त्या “दादा”नंतर आपण कळ बंद करायची असते, पुढचं ऐकायचं नसतं. पण तेवढं एक कानावर पडायचं आणि अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता कामाचं. मिरज म्हणजे एक बाई नव्हे. तिथे पाळ्यांप्रमाणे बऱ्याच जणी होत्या. तुझ्या आईची मिरज कुठल्या पाळीची? वर्षं कुठली? हे सांगितलंस तर शोधणं सोपं जाईल.

---

पिंपळपान

मी पलीकडच्या बाजूचा आहे, म्हणजे कॉल घेणाऱ्यांच्या. आमचं गाव माण तालुक्यात, वडील मुंबईला गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले काही महिने वडिलांचं पत्र यायचं, मग तेही थांबलं. पावसाळ्याच्या तोंडाला निरोप आला की अमुक दिवशी दहिवडीच्या पोस्टात या, फोन येणार आहे. आई मला घेऊन सकाळीच जाऊन पायरीवर बसली. मी आठ वर्षांचा होतो. फोन दुपारी तीनला लागला.

लाइन इतकी खोल की आईला काही ऐकू येईना. ती नुसती “अवं, मोठ्यानं बोला की” म्हणत राहिली. मग मध्येच एका बाईंचा आवाज आला, तो मात्र स्वच्छ. पोस्टमास्तरांनी मलाही रिसीव्हरला कान लावू दिला होता, म्हणून मी ऐकलं. त्या म्हणाल्या, “ताई, मी सांगते. ते म्हणतात, संप मिटेपर्यंत पैसे येणार नाहीत. काहीही करा, पण बैल विकू नका.”

आई गप्प झाली. मग म्हणाली, “त्यांना सांगा, बैल इकला.”

त्या बाई लगेच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने “सांगते हं ताई” म्हणाल्या. त्यांनी ते मुंबईला कसं सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, “ते म्हणतात, असू दे. पोरांना जप.” वडील तसं म्हणाले की त्या बाईंनी आपल्या मनाने घातलं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. वडिलांना ते आठवत नव्हतं. आईने मात्र ते वाक्य शेवटपर्यंत वडिलांचंच धरलं.

त्या बाई साताऱ्याच्या होत्या की मुंबईच्या, सांगता येणार नाही. तुमची आई असेल असं मी म्हणत नाही. पण तशी एक बाई होती, एवढं इथे लिहावंसं वाटलं.

---

रानवारा

धागा वाचून डोळे भरून आले, पण एका गोष्टीवर बोलते. राग मानू नका.

माझी आई ३१ वर्षं एका कचेरीत टायपिस्ट होती. तिला ती नोकरी कधीही आवडली नाही. वडिलांचा धंदा बुडाला म्हणून ती बाहेर पडली. रोज सकाळी लोकलला जाताना तिच्या पोटात गोळा यायचा, हे तिने मला स्वतः सांगितलं आहे. निवृत्त झाली त्या दिवशी पर्स उलटी करून टेबलावर रिकामी केली आणि पुन्हा कधी हातात धरली नाही. तिला “झिजली” म्हणणं हे तिच्या कष्टांची नोंद घेणं आहे. आजकाल प्रत्येक नोकरी करणाऱ्या आईबद्दल “तिला करिअर होतं, ती स्वतःसाठी जगली” असं लिहायची पद्धत पडली आहे. माझी आई आमच्यासाठी जगली, आणि ते तिला जड गेलं. तो शब्द तिच्याकडून काढून घेऊ नका.

---

अजिंक्यतारा

रानवारा, राग कसला! तुमच्या आईंचा शब्द तुमच्या आईंचा. तेराव्याला माझ्या आईला तोच शब्द सगळ्यांनी न विचारता दिला, म्हणून मी चिडले. आणि तुम्ही लिहिलंत म्हणून मलाही उरलेलं लिहावंसं वाटतंय. मी पहिल्या पोस्टमध्ये बरी बाजूच लिहिली होती.

माझा जन्म १९७१ चा. तेव्हा बाळंतपणाची रजा ९० दिवसांची. ९१ व्या दिवशी आई बोर्डावर. आजी, म्हणजे वडिलांची आई, मला टोपड्यात गुंडाळून एक्स्चेंजच्या फाटकाशी आणायची. आत परवानगी नव्हती. रिलीव्हर मिळाली की आई मागच्या व्हरांड्यात यायची, मला पाजायची आणि परत जायची. कधी कधी रिलीव्हर मिळायचीच नाही, मग आजी मला तशीच रडती घरी न्यायची. हे आजीनेच मला सांगितलं, आईने कधी नाही. आजी शाळेची पायरी न चढलेली. पण सुनेची ड्यूटी कधी बदलते त्याचा तक्ता तिला तोंडपाठ होता, आणि आईच्या नोकरीवर कुणी वाकडं बोललं तर ती त्याला उभा राहू देत नसे.

घरी आल्यावर आई फारशी बोलत नसे. सगळा आवाज तिकडे संपलेला असायचा. आम्हाला वाटायचं, आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं. चौथीत असताना मी एकदा तिला म्हणाले, “तू सगळ्या जगाशी बोलतेस, आमच्याशीच बोलत नाहीस.” तिने उत्तर दिलं नाही. पण त्यानंतर रोज झोपताना ती मला एका कॉलची गोष्ट सांगायला लागली, नावंगावं गाळून. कुणाला मुलगा झाला, कुणाचा माल बंदरात अडकला, कुणाचं लग्न ठरलं. माझं सगळं बालपण अशा अर्ध्या गोष्टींवर गेलं. पुढे काय झालं विचारलं की म्हणायची, “मी कळ बंद केली ना.”

हेडसेट डाव्या कानावर असायचा. पन्नाशीनंतर तो कान मंदावत गेला. झोपताना ती उजव्या कुशीवर झोपायची, चांगला कान उशीत दाबून. म्हणायची, आता कुणाचाच कॉल येत नाही.

आणि ज्या दिवसापासून मिरज सुरू झाली तो दिवस. जुनी_पोझिशन काकू, तुम्ही वर्षं विचारलीत, तर सुरुवात तारखेसकट सांगता येते. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. आईचं तेव्हा लग्न झालं नव्हतं, नोकरीला दुसरं वर्ष. साताऱ्यात घरं हलली, भांडी खाली आली, सगळी आळी रस्त्यावर. रात्रपाळी आमच्याकडे पुरुष ऑपरेटर करायचे. आईची ड्यूटी सकाळी सहाची. मामा म्हणाला, आज जाऊ नकोस, इमारतीत शिरू नकोस, अजून धक्के बसतायत. आई म्हणाली, रात्रीचा माणूस खुर्चीत बसलाय, मी गेले नाही तर त्याला उठता येणार नाही. आणि गेली. त्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि म्हणूनच प्रत्येकाला फोन करायचा होता.

तिने हेडसेट चढवला तेव्हा बोर्डावर एकही शटर उभं नव्हतं. एक्स्चेंज बॅटऱ्यांवर चालतं, त्यामुळे बोर्ड जिवंत होता. मुंबईहून, पुण्याहून रांग लागलेली. सातारा, कराड, पाटण. पाटण तालुक्यातली किती घरं मुंबईवर जगत होती ते इथल्या लोकांना सांगायला नको. आणि या सगळ्यात मिरजेच्या लाइनवरून एक नवीन आवाज आला. तिला कुठलाही नंबर नको होता. ती एवढंच म्हणाली, “सातारा, तू ठीक आहेस ना?”

आई सांगायची, पहाटेपासून त्या क्षणापर्यंत तिला ते कुणी विचारलंच नव्हतं. घरात सगळे आजोबांच्या मागे होते. ती म्हणाली, “ठीक आहे. तू?” पलीकडून, “मी पण. चल, नंबर घे.” आणि दोघी कामाला लागल्या. आई त्या दिवशी रात्री आठला घरी आली. मध्ये दोनदा धक्का बसला तेव्हा सगळ्यांनी टेबलाची कड धरली आणि पुन्हा कॉर्ड हातात घेतल्या.

रानवारा, ती ही गोष्ट सांगायची तेव्हा तिच्या आवाजात कष्टाचं काही नसायचं. त्या दिवशी आपण जागेवर होतो, याचा तिला आनंद होता. मला एवढंच म्हणायचंय.

तर काकू: १९६७ च्या डिसेंबरपासून साधारण १९९० पर्यंत. आई जास्त करून सकाळच्या पाळीला असायची, म्हणजे मिरजही सकाळचीच असावी. पुढे एसटीडी आलं, चौकाचौकात पिवळे बूथ आले, बोर्डावरची तिकिटं कमी कमी होत गेली. मग बोर्ड बंद झाला आणि आईला १९८ ला बसवलं, फोन बंद पडल्याच्या तक्रारी लिहून घ्यायला. तिथेही तिने चोख काम केलं. पण आरशापुढे आकडे म्हणणं थांबलं.

---

जुनी_पोझिशन

वाचून दाखवताना लेक दोनदा थांबली. बाळ, तुझ्या आजीला माझा नमस्कार पोचला असं समज.

आता ऐक. कार्यालयात जाऊन विचारशील तर फार काही हाती लागणार नाही. २०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलचे ७८ हजारांच्या वर लोक एकाच वेळी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, जुनी माणसं ओळखणारं आत फारसं कुणी उरलेलं नाही. त्यापेक्षा पेन्शनरांकडे जा. प्रत्येक जिल्ह्यात पेन्शनर मंडळींचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, कोण कुठे असतं, कोण गेलं, सगळं त्यांना ठाऊक. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता तो मोबाइलवरही होतो, पण आमच्या वयाच्या निम्म्या बायका अजून प्रत्यक्षच जातात, एकमेकींना बघायला मिळतं म्हणून. तोवर सापडली नाही तर त्या महिन्यात सांगलीला जाऊन बस.

विचारताना असं विचार: “१९६७ ला मिरज ट्रंकला सकाळी कोण होतं?” ओटीबीपी कधी मिळालं, बीसीआर कधी मिळालं (या ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतरच्या बढत्या), यावरून आम्ही एकमेकींची वर्षं बरोबर लावतो.

---

कृष्णाकाठ

मावशीने तसंच विचारलं आहे. तीन नावं आली. एक बाई २०११ मध्ये गेल्या. एक मुलीकडे बडोद्याला असतात, पण त्या १९७५ नंतर लागलेल्या. तिसऱ्यांचा नंबर मिळवणं चालू आहे. मिस्टर गेल्यावर त्यांनी मिरजेचं घर विकलं, मुलाकडे राहतात म्हणे. वहीतला नंबर त्यांच्याच जुन्या गल्लीतला असावा असं मावशी म्हणते.

---

पिंपळपान

रोज येऊन बघतोय.

---

अजिंक्यतारा

सापडली.

आठ दिवस लिहिलं नाही, कारण आधी खात्री करायची होती. कृष्णाकाठ, तुमच्या मावशींचे पाय धरायला मी सांगलीला येणार आहे. तिसऱ्या नावाच्या बाई त्याच निघाल्या. ८३ वर्षांच्या आहेत, इचलकरंजीला मुलाकडे असतात. काल दुपारी चारला फोन केला. सुनेने उचलला, म्हणाली, “डाव्या कानाने ऐकू येत नाही त्यांना, थांबा, उजव्याला देते.”

मी काय बोलायचं ते लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं, “हॅलो मिरज? सातारा बोलतेय.”

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, लाइन गेली. मग एकदम खणखणीत आवाज आला, “सातारा कोण? सकाळची की दुपारची?”

“सकाळची. तिची मुलगी बोलतेय.”

“गोवरवाली?”

मला बोलता येईना. हो म्हटलं असेन.

“तू बोलतेयस म्हणजे लाइटनिंग आहे,” त्या म्हणाल्या. “कधी गेली?”

मी सगळं सांगितलं. आईचा निरोप सांगितला. त्या रडल्या नाहीत, नुसतं “बरं केलंस” असं दोनदा म्हणाल्या. मग आम्ही पन्नास मिनिटं बोललो. दोघींनी भेटायचं दोनदा ठरवलं होतं. एकदा नरसोबावाडीला, तेव्हा आमची आजी पडली. एकदा आईच्या निवृत्तीला, तेव्हा त्यांचे मिस्टर आजारी होते. पुढे मिरजेचं घर गेलं, फोन गेला, आईचा नंबर ज्या डायरीत होता ती डायरी सामानात गेली. “सगळ्या गावांचे नंबर तोंडपाठ होते ग,” म्हणाल्या, “तुझ्या आईचा घरचा तेवढा कधी पाठ केला नाही. ती बोर्डावर असायचीच ना.” भूकंपाच्या सकाळचं मी विचारलं. ते त्यांना माझ्यापेक्षा नीट आठवत होतं. आई म्हणायची तसं त्या “नंबर घे” म्हणाल्या नव्हत्या, आईच म्हणाली होती, असं त्यांचं म्हणणं आहे.

नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. इथे लिहीत नाही, पण आता ते आईच्या वहीत म अक्षराखाली लिहिलं आहे.

फोन ठेवताना त्यांनी आईचा फोटो मागितला. कधी पाहिलंच नव्हतं. नातवाच्या मोबाइलवर पाठवला, बोर्डासमोरचा, १९७८ सालचा. रात्री त्यांचा आवाजातला निरोप आला. मी तो चार वेळा ऐकला. म्हणतात, “अगं, ही तर बारकीशी दिसते. मला वाटायचं चांगली उंच असेल. आवाज उंच बाईचा होता.”

आज सकाळी फोन करून त्यांना पाटाचं सांगितलं.